आडवे अकरा

शनिवारी साडेदहाला पेपर येतो.
अ‍ॅबर्डीनच्या मासळीबाजारामागे, चहाच्या दुकानात,
आम्ही पाच जण एका कोड्याभोवती बसतो,
शेकोटीभोवती बसावं तसे, कोट न काढता.

नियम थोडेच. फोन खिशात.
शब्दकोश दुसऱ्या किटलीनंतर.
ज्याचं उत्तर खोडावं लागेल
त्याने सगळ्यांना रोव्या खायला घालायच्या.
रोवी म्हणजे इथला खारट, चपटा पाव,
चौकटींवर तेलकट बोटं उमटवणारा.

कोडं रचणारा स्वतःला खेकडा म्हणवतो.
खरं नाव कोणाला ठाऊक नाही.
सरळ चालणं त्याच्या जातीत नाही.
तो फूल म्हणाला तर नदी समजावी,
दोन्ही वाहायचीच.
झिंगलेला, मोडका, वादळात, असं काही दिसलं
की शेजारची अक्षरं ढवळायला घ्यावीत.
आणि जे वाक्य अगदी साधं वाटेल
त्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

मोराग दातांची डॉक्टर होती,
अडकलेला शब्द अजून जिभेने चाचपते.
डगलने बंदरावर तीस वर्षं जहाजांचे निरोप टिपले,
खरखरीतून एक अक्षर आलं तरी बाकीची धरतो.
युअन बस चालवतो आणि चुकतो, मोठ्या आवाजात.
इशबेल पेनाने लिहिते.
पेन्सिल भित्र्यांची, असं रुआरी म्हणायचा.
पेन त्याचंच. खुर्चीही त्याचीच होती;
तिचं काय करायचं हे कोणी बोललं नाही,
एका शनिवारी इशबेलने तिच्यावर ओला कोट टाकला
आणि तेव्हापासून आमचे सगळ्यांचे कोट तिच्यावर.

आडवे अकरा:
खिडकीतून उत्तर निघून गेलं, तर मागे कोण उरतं?
पाच अक्षरं.

युअन म्हणाला, उत्तरच गेलं तर आम्ही काय लिहायचं,
कप्पाळ?
मोराग म्हणाली, काच. मग म्हणाली, काच कोण कशी असेल.

मी शाळेत भूगोल शिकवायचो.
उत्तर कुठे, असं विचारलं की
पहिल्या बाकावरची मुलं छताकडे बोट दाखवायची.
दुसरी किटली आली तेव्हा मला दिसलं:
नकाशाच्या माथ्यावर उभं राहणारं ते एक अक्षर,
सहा चौकटींच्या खिडकीत तिसरं.
ते उचललं,
दोन्ही बाजूंची अक्षरं सरकून जवळ आली,
आणि ती तिथे बसलेली होती, काळ्या शाईच्या आधीच.

मी चहात साखर घातली. मी साखर घेत नाही.

डगल बाहेरच्या क्रेनकडे बघत होता.
मोरागची जीभ थांबली होती.
युअन एकदम रोवीची तारीफ करायला लागला,
आज जरा जास्तच खुसखुशीत आहेत, नाही का.

"सोप्या कोड्यालाही तुम्ही एवढे गप्प नसता,"
इशबेल म्हणाली,
आणि पेपर आपल्याकडे ओढला.
पाच अक्षरं. मोठी, सरळ, न थांबता.
"फेब्रुवारीपासून राहते मी त्या शब्दात.
तुम्हाला काय वाटलं, मला स्पेलिंग येणार नाही?"

मग तिने ओळ पुन्हा वाचली,
कापड बोटांत चोळून बघावं तशी.
"पण रचलंय छान. एक शब्द फुकट नाही.
रुआरीने टेबलावर मूठ आपटली असती."
"लबाड, लबाड खेकडा," युअन त्याच्या आवाजात म्हणाला,
आणि लगेच घाबरला.
आधी हसली ती इशबेल.
आम्ही थोडे उशिरा, बेसूर.

उठताना रोव्यांचे पैसे मी दिले.
कोणाचंच उत्तर खोडलं गेलं नव्हतं,
तरी का, असं कोणी विचारलं नाही.

उभे बारा अजून राहिलंय.
तिच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरातूनच ते खाली उतरतं,
सात चौकटी.
डगल म्हणतो, हवेशी काहीतरी संबंध आहे.
मोराग म्हणते, असेल, पण खेकड्याचा भरवसा नाही.